शेंगेन व्हिसा: नियम चोख, खिडकी ढिली

युरोप फिरायला, मुलाबाळांकडे राहायला किंवा कामाच्या बैठकीला जाताना लागणारा शेंगेनचा (म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा) ‘सी’ प्रकारचा, नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचा व्हिसा ही पैसे मोजून घ्यायची एक सेवा आहे, असं धरून तिचं परीक्षण केलं तर निकाल जरा विचित्रच लागतो. कायद्याच्या पुस्तकाला पाचपैकी साडेचार गुण द्यावे लागतात. खिडकीवरच्या कारभाराला अडीच. आणि या दोहोंच्या मधल्या जागेत ज्या ‘प्रीमियम’ गोष्टी विकल्या जातात, त्यांना शून्य द्यायला हात अजिबात कचरत नाही.

आधी पुस्तक. २००९ चा व्हिसा कोड, म्हणजे युरोपीय संघाची व्हिसाची नियमावली, शेंगेनच्या २९ देशांना सारखाच लागू आहे. अर्जाचा नमुना एक, फी एक, नकाराचं पत्रही एकाच साच्यातलं. ११ जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे (त्याआधी ८० होती), सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना काहीच नाही. ही फी अर्ज तपासण्याची, व्हिसाची नव्हे. नकार आला तर ती गेली. परत मिळते ती अर्ज मुळात ग्राह्यच धरला नाही तर, म्हणजे चुकीच्या देशाकडे दिला, पासपोर्ट नियमात बसला नाही, फोटो किंवा बोटांचे ठसे नाहीत, अशा प्रसंगी. त्यावर वकिलातीच्या वतीने अर्ज स्वीकारणारं केंद्र चालवणाऱ्या खासगी कंपनीचा सेवाशुल्क वेगळा, पण त्यालाही नियमाने चाप आहे: आपल्याकडच्यासारख्या ठिकाणी तो व्हिसा फीच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नये. पावतीवरचा आकडा त्याहून फुगलेला दिसला, तर समजायचं की मधे कुठेतरी एसएमएस, कुरिअर किंवा लाउंज आपल्या नावावर टाकलेलं आहे. ते काढून घ्या म्हणून सांगता येतं आणि सांगावंच.

आता २९ देश कोणते, यात दरवर्षी लोक फसतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत, आणि आयर्लंडमध्ये हा व्हिसा चालत नाही. ब्रिटनचा तर वेगळाच कारभार. क्रोएशिया २०२३ च्या सुरुवातीला आत आला. बल्गेरिया आणि रोमानिया विमान व समुद्रमार्गे मार्च २०२४ अखेर आणि जमिनीवरून १ जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे जुन्या ब्लॉगवरची यादी बघून बेत आखणं धोक्याचं. पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा पॅरिसहून परतीचं विमान असा बेत असेल तर शेंगेनमध्ये दोनदा शिरावं लागतं. एका प्रवेशाचा व्हिसा मिळाला तर लंडनहून परत पॅरिसला येता येणार नाही. अर्जात प्रवेशांची संख्या विचारलेली असते, तिथे हे आठवणीने लिहायचं आणि सोबतच्या पत्रात त्याचं कारण एका ओळीत द्यायचं.

अर्ज कोणाकडे करायचा याचा नियम सोपा आहे, तरी मोडला जातो तो हाच. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार किंवा जिथे प्रवासाचं मुख्य काम आहे, तो देश. फ्रान्समध्ये तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये पाच, इटलीत चार असतील तर अर्ज स्वित्झर्लंडचा, विमान पॅरिसला उतरत असलं तरी. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार तो. ‘अमक्या देशाच्या तारखा लवकर मिळतात, तिथून काढू आणि मग हवं तिथे फिरू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. व्हिसा मिळाल्यावर बेत थोडाफार बदलला तर कोणी फाशी देत नाही. पण मुळातच एका देशाचं नाव सांगून सगळी सुट्टी दुसरीकडे घालवली, तर सीमेवर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्या अर्जाच्या वेळी जुने शिक्के प्रश्न विचारतात.

तारखेचा स्लॉट ही या सेवेची सर्वांत कमकुवत बाजू. नियम म्हणतो की मागितल्यापासून साधारण दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळावी. प्रत्यक्षात शाळांच्या मोठ्या सुट्टीच्या आधीच्या महिन्यांत काही देशांचं कॅलेंडर सरळ करडं दिसतं, एकही तारीख उघडी नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो (जहाजावरच्या खलाशांना नऊ), आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. म्हणून मे महिन्यात जायचं असेल तर स्लॉट शोधायला जानेवारीत बसायचं, एप्रिलमध्ये नव्हे. स्लॉट प्रत्येक माणसागणिक लागतो, कडेवरच्या बाळालाही. त्यात टाकलेला पासपोर्ट क्रमांक हातातल्या पासपोर्टशी जुळला पाहिजे. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण केलं तर तो स्लॉट बहुतेक वेळा वाया जातो. प्रकारही नीट निवडायचा: पर्यटन, नातेवाइकांची भेट आणि व्यवसाय यांच्या रांगा अनेक ठिकाणी निराळ्या असतात, आणि चुकीच्या रांगेत उभं राहिलात तर खिडकीवरून परत फिरावं लागतं. स्लॉट विकणारे दलाल हा याच टंचाईचा उपद्रव. त्यांना पैसे देण्यातली खरी जोखीम पैशांची नसून पासपोर्टची स्कॅन प्रत आणि जन्मतारीख कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पडण्याची आहे.

आता फाइल. इथे थांबून लिहायला हवं, कारण व्हिसा मिळतो किंवा जातो तो इथेच. केंद्रातल्या काउंटरवरचा माणूस निर्णय घेत नाही. नियमाने त्याला अर्ज तपासण्याचा, व्हिसा छापण्याचा अधिकार नाही, शेंगेनच्या व्हिसा माहितीप्रणालीत डोकावण्याचाही नाही. निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो, आणि बहुतेक अर्जदारांना तो कधीच भेटत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: कशासाठी चाललात, पैसा कुठून येणार, आणि परत का येणार.

पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारा कागद म्हणजे दिवसवार तक्ता: तारीख, शहर, हॉटेल, एका शहरातून दुसऱ्यात कसं जाणार. हा तक्ता हॉटेलच्या बुकिंगशेजारी ठेवून एकेक रात्र बोटाने मोजायची. सगळ्यात नेहमीची चूक इथे सापडते. पॅरिसचं हॉटेल १४ तारखेला सोडलं, मिलानचं १५ ला घेतलं. १४ ची रात्र कुठे गेली? रात्रीची रेल्वे असेल तर तिचं आरक्षण जोडा, विसरली असेल तर बुकिंग दुरुस्त करा. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती हरवलेली रात्र म्हणजे माहिती भरवशाची नसल्याचा पुरावा. विमानाचं पक्कं तिकीट आधीच काढायची गरज नाही, आरक्षण पुरतं. पण ‘डमी तिकीट’ विकणाऱ्यांकडचे पीएनआर दोन दिवसांत मरतात, आणि वकिलातीने तपासलं तर तिथे काहीच सापडत नाही. हॉटेलचंही तसंच: फुकट रद्द करता येणारं बुकिंग चालतं, मात्र अर्ज दिल्याच्या संध्याकाळीच ते रद्द करायचं नाही. वकिलाती हॉटेलला विचारून घेतात.

कोणाकडे राहायला जाणार असाल तर प्रत्येक देशाचा आपला वेगळा कागद आहे, आणि ईमेलवर पाठवलेलं प्रेमळ आमंत्रण त्याची जागा घेत नाही. फ्रान्समध्ये यजमानाला आपल्या नगरपालिकेकडून ‘आतेस्तास्याँ दाक्केय’ काढावं लागतं आणि त्याची मूळ प्रत इकडे पोस्टाने यावी लागते. जर्मनीत यजमान खर्चाची हमी घेणार असेल तर परदेशी नागरिक कार्यालयातून ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचं हमीपत्र लागतं. उच्चार करता करता जीभ वळते, पण कागद दणकट आहे: हमी देणाऱ्याचं उत्पन्न तिथलंच कार्यालय तपासतं. दोन्हींसाठी तिकडच्या माणसाला आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून इकडे स्लॉट मिळाल्यावर तिकडे कळवणं म्हणजे उशीर.

पैशाच्या बाबतीत आकडा किती हवा, हे देशागणिक बदलतं. फ्रान्सचा हिशेब उदाहरणादाखल घ्या: हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०, आणि वर सांगितलेलं नगरपालिकेचं पत्र असेल तर ३२.५०. पण आकड्यापेक्षा खात्याचा इतिहास जास्त बोलतो. चार महिने खात्यात तीस-चाळीस हजार आणि अर्जाच्या आधीच्या आठवड्यात एकदम सहा लाख जमा, हे चित्र कुठल्याही अधिकाऱ्याला उसनवारीचं वाटतं. खरोखर मुदत ठेव मोडली असेल, जमिनीचा व्यवहार झाला असेल, तर त्याचा कागद त्या नोंदीसोबत लावायचा आणि स्टेटमेंटवर ती ओळ खुणेने दाखवायची. स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्याचं हवं. मुदत ठेवीची पावती जोड म्हणून चांगली, पण चालू शिलकीच्या बदल्यात नाही. वडील खर्च करणार असतील तर त्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नात्याचा पुरावा, तिन्ही एकत्र.

परत का येणार, याचं उत्तर नोकरदाराला सोपं: कंपनीच्या लेटरहेडवर पद, नोकरीची सुरुवात, पगार, मंजूर रजेच्या तारखा आणि रजेनंतर कामावर रुजू होणार हे वाक्य. नुसतं ‘नो ऑब्जेक्शन’ म्हणणारं दोन ओळींचं पत्र पुरेसं नाही. दुकानदाराने गुमास्ता परवाना आणि जीएसटी नोंदणी जोडावी. शेतकरी कुटुंबातले लोक सातबारा जोडतात आणि तो मराठीतच जोडतात. अधिकाऱ्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं, नाहीतर सगळ्यात भक्कम पुरावा फाइलमध्ये असून नसल्यासारखा. निवृत्त माणसाने पेन्शनच्या नोंदी दाखवाव्यात. आणि फाइल फुगवू नका. घराची सात जुनी वीजबिलं आणि शाळेचे दाखले लावल्याने वजन वाढतं, बळ वाढत नाही.

अर्जातली काही घरं आपल्या माणसांना हमखास अडवतात. ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असं एक घर आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका ते रिकामं सोडतात किंवा तिथे पुन्हा सासरचंच आडनाव लिहितात. माहेरचं लिहायचं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टात ज्या घरात छापलंय, अर्जातही त्याच घरात यायला हवं. तिकिटावर ते नसलं तर बहुधा अडत नाही, पण अर्ज आणि पासपोर्ट यांत अक्षराचा फरक नको. लग्नाच्या वेळी पहिलं नावही बदललं असेल आणि पदवी, जुना पासपोर्ट जुन्या नावावर असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून टाका. पूर्वी कुठल्या शेंगेन देशाने नकार दिला असेल तर तो लपवू नका. नोंदी पाच वर्षांपर्यंत त्या सामायिक प्रणालीत राहतात आणि २९ देशांना दिसतात. नकार माफ होतो, लपवालपवी होत नाही.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, आणि चेहऱ्याने फोटोचा ७० ते ८० टक्के भाग व्यापलेला. स्टुडिओवाल्याला नुसतं ‘पासपोर्ट साइज’ म्हटलं की खांद्यांसकट लहानसा चेहरा हाती पडतो, म्हणून ‘शेंगेन’ असं सांगूनच काढायचा. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांपर्यंत तेच पुन्हा वापरता येतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत.

विम्यावर लोक घाई करतात. किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन प्रदेशात लागू, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणणं आणि मृत्यू हे चारही यायला हवेत. आपल्याकडच्या पॉलिसी बऱ्याचदा डॉलरमध्ये असतात आणि सगळ्यात स्वस्त पर्याय आकड्याने नेमका तीस हजारांच्या आसपास घुटमळतो. डॉलर म्हणजे युरो नव्हे. ५०,००० डॉलरची घ्यायची आणि प्रश्न मिटवायचा. तारखांमध्ये पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही आले पाहिजेत. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर एक दिवस इकडेतिकडे होतोच. अनेक प्रवेशांचा व्हिसा मागताना मात्र पहिल्या फेरीपुरताच विमा पुरतो. पुढच्या फेऱ्यांचा आपण घेऊ असं अर्जावरच कबूल करायचं असतं.

केंद्रातला तास-दीड तास तसा सरळ असतो. यादीप्रमाणे कागद लावतात, फी घेतात, फोटो आणि ठसे घेतात, पावती देतात. खटका उडतो तो यादीत नसलेल्या किंवा कमी पडलेल्या कागदावर. ‘हे नाही तर अर्ज घेणार नाही’ असं काउंटरवरून ठासून सांगितलं जातं. पूरक कागद कमी आहे एवढ्यावरून अर्ज अग्राह्य ठरत नाही. ‘कागद कमी असल्याची कल्पना आहे’ अशी सही करून तो तसाच देता येतो. देणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न वेगळा. खरंच महत्त्वाचा कागद असेल तर दुसरी तारीख घ्यावी, आणि काउंटरवरच्याचा हट्ट निरर्थक असेल तर सही करून मोकळं व्हावं. लाउंज, अर्ज भरून देणं, झेरॉक्स, फोटो, खास वेळेतली अपॉइंटमेंट या कशानेही वकिलातीतला निर्णय तसूभर हलत नाही. लाउंजमध्ये चहा मिळतो. एकटं वयस्कर माणूस असेल तर त्या खुर्चीचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते खुर्चीचे पैसे आहेत हे माहीत असावं. कुरिअर एवढी एकच जोडसेवा केंद्रापासून लांब राहणाऱ्याला परवडते.

निर्णयाला पंधरा दिवस, आणि तपासणी लांबली तर जास्तीत जास्त पंचेचाळीस. दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. या काळात पासपोर्ट तिकडेच असतो, त्यामुळे मधेच दुसऱ्या देशाचा दौरा निघू शकत असेल तर वेळ निवडतानाच विचार करायचा. ऑनलाइन ट्रॅकिंगमधून पाकीट कुठे आहे तेवढंच कळतं. पाकीट परत आलं, म्हणजे आत व्हिसा आहे असंही नाही.

पाकीट उघडल्यावर स्टिकर काउंटरपाशीच वाचा, घरी जाऊन नव्हे. नाव, पासपोर्ट क्रमांक, मग चार जागा. पहिली, कुठून कुठपर्यंत तारीख. दुसरी, प्रवेश: ०१, ०२ किंवा ‘मल्ट’. तिसरी, राहण्याचे दिवस. चौथी, कोणत्या देशांत चालतो. तिथे सगळ्या शेंगेन देशांऐवजी एकदोन देशांचीच नावं असतील तर तो मर्यादित प्रदेशाचा व्हिसा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या जागेची गल्लत सर्वांत महागात पडते. समजा बेत १० मे ते २१ मे, म्हणजे बारा दिवसांचा आहे. स्टिकरवर १० मे ते ५ जून आणि दिवस १२ असं येतं. वरचे पंधरा दिवस विमान पुढेमागे झालं तर असावेत म्हणून दिलेली सवलतीची खिडकी आहे. ५ जूनपर्यंत राहायची परवानगी नव्हे. त्या खिडकीत कुठलेही सलग बारा दिवस आपले. तेरावा दिवस म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहणं. आल्याचा आणि गेल्याचा दिवस दोन्ही मोजतात, रात्री दहाला उतरलात तरी. काही चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. छापण्यातली चूक प्रवासाआधी दुरुस्त होते, विमानतळावर नाही.

भारतीयांसाठी या सेवेत गेल्या काही वर्षांत झालेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आलेला खास नियम. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. अट एकच अशी की ती मुदत पासपोर्टात मावली पाहिजे. पासपोर्ट दीड वर्षात संपणार असेल तर लांबचा व्हिसा मिळण्याची पात्रता असूनही आखूड मिळतो, म्हणून अर्जाआधी नूतनीकरण उरकावं आणि जुने व्हिसा असलेला रद्द पासपोर्ट सोबत द्यावा. सोबतच्या पत्रात आधीच्या दोन व्हिसांचे क्रमांक आणि तारखा लिहून अमुक मुदतीचा व्हिसा हवा असं स्पष्ट मागावं. न मागता मिळेल या आशेवर राहू नये.

लांबचा व्हिसा म्हणजे लांब राहणं नव्हे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, हा नियम पाच वर्षांच्या स्टिकरलाही लागू. ‘१८० दिवस’ हे जानेवारी ते जून असं अर्धं वर्ष नाही. राहण्याच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवस मोजायचे. १० मार्च ते ८ मे असे ६० दिवस मुलीकडे राहिलात. १ जुलैला पुन्हा गेलात तर मागचे साठही त्या १८० दिवसांत आहेत, तीस उरले, म्हणजे ३० जुलैला परत निघायलाच हवं. पण तेच १ सप्टेंबरला गेलात तर चाळीस दिवस बिनधास्त राहता येतं, कारण ६ सप्टेंबरपासून रोज मार्चमधला एकेक दिवस मागून गळत जातो आणि एकूण बेरीज ६५ वरच थांबते. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर याचं फुकट गणनयंत्र आहे. तारखा टाकून बघा, नातवंडांच्या वाढदिवसावरून बेत ठरवू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या आड लपायची सोय संपली. याच निमित्ताने ‘एटियास’ नावाची प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी काढून देतो म्हणणारी दुकानं निघाली आहेत. ते प्रकरण व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. शेंगेन व्हिसा घेणाऱ्याला त्याची गरज नाही.

शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याने वरचं सगळं विसरून चालेल. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याचे नियम, फी आणि मुदत ज्या त्या देशाची. सी व्हिसावर जाऊन तिथे नोकरी शोधू आणि मग तिथूनच परवाना काढू, हा बेत बहुतेक ठिकाणी परतीच्या विमानात संपतो.

नकार आला तर पत्र एकाच साच्यातलं, छापील कारणांपुढे खूण केलेलं. प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती पटली नाही, पुरेसा पैसा दाखवला नाही, दिलेली माहिती भरवशाची नाही, परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका. ही शेवटची खूण तरुण, अविवाहित, पहिल्यांदा निघालेल्यांच्या वाट्याला जास्त येते आणि ती सर्वांत संदिग्ध आहे. नेमकं काय खटकलं ते पत्रातून कळत नाही. साडेचारचे पाच गुण न होण्याचं कारण हेच. अपील त्या देशाच्या कायद्याप्रमाणे, पत्रातच मुदत लिहिलेली असते. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची साधी वाट बंद केली. आता तिथे बर्लिनचं न्यायालय किंवा नवा अर्ज. कागद कमी पडल्यामुळे नकार असेल तर तो कागद घेऊन नवा अर्ज करणं बहुधा लवकर होतं. तीच फाइल दुसऱ्या आठवड्यात जशीच्या तशी पुन्हा दिली तर तीच खूण पुन्हा मिळते, आणखी ९० युरोंना.

व्हिसा हातात असला तरी तो आत जाण्याचा हक्क नव्हे. सीमेवरचा पोलीस हॉटेल, परतीचं तिकीट, पैसे आणि विमा पुन्हा विचारू शकतो, आणि उत्तर अर्जात लिहिलेल्याशी जुळावं अशी त्याची अपेक्षा असते. फ्रँकफर्टला उतरून पुढे पॅरिसचं विमान असेल तर ही तपासणी फ्रँकफर्टलाच होते, सामान मात्र थेट पॅरिसला जातं. दिलेल्या फाइलची झेरॉक्स हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन बॅगेत टाकलेली फाइल त्या खिडकीपाशी उपयोगाची नाही.